खुरटे पंख का आखूड पंख?

विटेकर: मंडळी एक शब्द अडलाय. पोराच्या प्रोजेक्टसाठी जेलिस नावाच्या किड्यावर पानभर मराठीत लिहून देतोय, हा गांधीलमाशीच्या लांबच्या भावकीतला पण मुंगीएवढा, आणि बऱ्याच जातींत मादीला पंख नसतातच, असले तर बारके थोटके. याला खुरटे पंख म्हणू का आखूड? आणि पंखच नाहीत तिला माशी कसं म्हणायचं?

कृष्णाकाठ: खुरटे नको. पावसानं ओढ दिली की ज्वारी खुरटती, म्हणजे वाढायची होती पण राहिली. हिचे पंख मुळातच तेवढे. थिटे म्हणलं तर कमी पडले असं वाटतं, तिला कुठं कमी पडतंय, चालत हिंडते आणि कोळ्याच्या अंड्यांच्या पिशवीत नाहीतर कुणाच्या कोशात आपली अंडी घालते. आखूडच बरोबर.

वाईकरीण: बांडी म्हणा की :) शेपूट तुटलेला बैल बांडा, तसं.

कृष्णाकाठ: ताई बांडं म्हणजे होतं ते तुटलं. तसे पूर्वजांना पंख होते म्हणा, कितीतरी जातींत नरांना अजून असतात, त्या हिशोबानं तुमचं अर्धं खरं.

विटेकर: बरं आखूड. पुढं परजीवी लिहिलंय, चालंल ना?

ऊसवाला: दादा ते बदला. परजीवी म्हणलं की ऊ नाहीतर गोचीड आठवते, रक्त पितात पण जनावर सहसा जितं राहतं. यांची अळी ज्याच्यावर वाढते त्याला खाऊन संपवतेच. शब्दाचा अर्थ एकच असला तरी शेतीत अशांना परोपजीवी म्हणायची सवय आहे, उसात कांडी किडीसाठी ट्रायकोकार्ड, म्हणजे मित्रकिडीचं कार्ड लावतो त्यातली ट्रायकोग्रामा माशी पण परोपजीवीच, किडीच्या अंड्यात अंडं घालते. 2002 ला आपल्या सांगलीत उसावर लोकरी मावा ही कीड आली, त्यावरचे डिफा, मायक्रोमस हे किडे मात्र परभक्षी, ते मावा सरळ खातात. यात गल्लत नको. आणि माशीचं म्हणाल तर मधमाशी, गांधीलमाशी, घरमाशी सगळ्यांना आपण माशीच म्हणतो, मग हिनंच काय घोडं मारलंय?

कृष्णाकाठ: पण दिसते मुंगीच. युरोपातली जेलिस अ‍ॅजिलिस तर मुंगीसारखा वास सोडून कोळ्यांना लांब ठेवते. मुंगीसारखी माशी लिहा.

विटेकर: ठरलं, मुंगीसारखी दिसणारी आखूडपंखी परोपजीवी माशी.

वाईकरीण: थांबा, जिला पंखच नाहीत ती बिनपंखी, तिला आखूडपंखी नका करू. दोन ओळी वेगळ्या लिहा.