मामा म्हणतात ०.०४ टक्क्याने बर्फ वितळत नाही, काय उत्तर द्यायचं?

डोंबिवली_फास्ट:
नमस्कार मंडळी. फॅमिली ग्रुपवर मामांनी परत सुरू केलंय, की माणसाने सोडलेल्या गॅसने पृथ्वी तापतेय हे सगळं झूट. मामा रिटायर्ड इंजिनीअर आहेत, माणूस हुशार आहे, त्यामुळे "फॉरवर्ड आहे, सोडा" म्हणून चालत नाही. त्यांचं म्हणणं असं की हवेत सीओटू (कार्बन डायऑक्साइड) फक्त ०.०४ टक्के, एवढ्याशाने काय होणार. शिवाय अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेल्या जुन्या हवेवरून दिसतं की आधी तापमान वाढलं आणि काहीशे वर्षांनी सीओटू, म्हणजे सगळं उलटंच. आणि ग्लासातला बर्फ विरघळला तर पाणी सांडत नाही, मग समुद्र कसा वाढेल? यावर तर मलाच वाटलं, अरे खरंच की. कोणीतरी नीट सांगा, लिंका नकोत, मामा लिंका उघडत नाहीत.

चहा_खारी:
ग्लासाचं आधी घेतो कारण ते स्वयंपाकघरात करता येतं. मामा बरोबर आहेत, तरंगणाऱ्या बर्फाने पातळी वाढत नाही, आर्क्टिकच्या समुद्रावरचा बर्फ तसाच. पण ग्रीनलंडचा बर्फ जमिनीवर बसलाय, काही ठिकाणी ३ किमी जाड. एक पातेलं घ्या, त्यात खलबत्त्यातला खल पालथा ठेवा, त्याचं बूड वर उघडं राहील इतकंच पाणी घाला, बुडावर बर्फाचे खडे रचा आणि पाण्याच्या रेषेला स्केचपेनने खूण करा. मग चहा पिऊन या. ग्रीनलंडचं वजन तर उपग्रहांनी मोजतात, २००२ पासून दोन उपग्रह एकामागे एक फिरतात, खाली वस्तुमान जास्त असलं की पुढचा जरा ओढला जातो आणि मधलं अंतर बदलतं, त्यावरून हिशोब. वर्षाला साधारण २७० अब्ज टन जातोय, आणि ३६० अब्ज टन म्हणजे जगभरच्या समुद्रात १ मिमी.

फिजिक्सवाली_ताई:
०.०४ टक्क्याबद्दल. उरलेल्या हवेत जवळजवळ सगळा नायट्रोजन आणि ऑक्सिजन, आणि हे दोन्ही जमिनीतून वर जाणारी उष्णता अडवतच नाहीत, म्हणून टक्का मोजताना त्यांना धरून काही उपयोग नाही. अडवतात ते पाण्याची वाफ, सीओटू, मिथेन. टिंडल नावाच्या शास्त्रज्ञाने हे १८५९ मध्ये प्रयोगशाळेत मोजलंय आणि अऱ्हेनियस या दुसऱ्या शास्त्रज्ञाने १८९६ मध्ये कागदावर गणित मांडलं, तेव्हा ना कुठली चळवळ होती ना कुठलं अनुदान. सीओटू कारखाने सुरू व्हायच्या आधी २८० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत २८०) होता, आता ४२० च्या वर, म्हणजे दीडपट.

आता ते उलटं असल्याचं. त्यातला अर्धा भाग खरा आहे. हिमयुग संपायची सुरुवात पृथ्वीच्या कक्षेतल्या आणि कलण्यातल्या बदलाने व्हायची, मग समुद्र तापायचा, तापला की गॅस सोडायचा (सोड्याची बाटली उन्हात ठेवून उघडा) आणि त्या गॅसने तापमान अजून चढायचं. पण पूर्वी वणवा विजेने लागायचा म्हणून आज तो विडीने लागत नाही असं कसं म्हणणार? आणि आज समुद्र सीओटू सोडत नाहीये, उलट आपण सोडलेल्यातला साधारण पाव हिस्सा गिळतोय. मग वाढलेला आला कुठून, हे मामांनाच विचार.

सरळ_बोलतो:
मी मामांच्या बाजूने. हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत संपणार असं याच लोकांनी रिपोर्टात छापलं होतं ना? आणि अंटार्क्टिकाभोवतीचा बर्फ तर २०१४ मध्ये वाढून रेकॉर्डला गेला होता, त्यावर कोणी बोलत नाही.

फिजिक्सवाली_ताई:
२०३५ ची चूकच होती, आयपीसीसीच्या (हवामान बदलावरची संयुक्त राष्ट्रांची समिती) २००७ च्या रिपोर्टात होती आणि २०१० मध्ये त्यांनी ती कबूल केली. मला अजून त्याचा राग येतो, कारण त्या एका आकड्याने तुमच्यासारख्यांना दहा वर्षांचं खाद्य मिळालं. २०१४ चं पण खरं, २ कोटी चौरस किमीच्या वर गेला होता. पण दादा, २०२३ चा हिवाळा बघा, १ कोटी ७० लाखाच्या आत, मोजायला लागल्यापासून सगळ्यात कमी. एकच वर्ष उचलायचं तर मी पण आर्क्टिकचं २०१२ उचलते, ३४ लाखांवर आला होता, १९७९ च्या उन्हाळ्याअखेर ७० लाखांच्या आसपास होता.

डोंबिवली_फास्ट:
अपडेट. व्हिडिओ कॉलवर खल ठेवून करून दाखवलं, आईने आधी खलावरून आरडाओरडा केला, मग तीच खुणेकडे बघत बसली. पाणी खुणेच्या जवळपास बोटभर वर. मामा दोन मिनिटं गप्प, मग टाइप केलं, "बरं, मग सूर्य जास्त तापत असेल." आता?

फिजिक्सवाली_ताई:
सूर्य जास्त तापला असता तर हवेचे वरचे थर पण तापले असते. तिथे उलट गार होतंय, गरम फक्त खाली. आणि सूर्याचं तेज १९७८ पासून उपग्रह मोजतायत, ११ वर्षांचं वरखाली सोडलं तर वाढ नाही. मामांना हे सांग आणि खल आईला धुऊन दे.