शेक म्हणजे नुसतं मनाचं समाधान नाही ओ

वर एका ताईंनी लिहिलंय की पाळीत दुखतं म्हणून गोळी घेतली की सवय लागते आणि शेकानं नुसतं मनाचं समाधान होतं, त्यावर थोडं. गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन तयार होतं, त्यानं गर्भाशय आवळतं नि कळा येतात. आयबुप्रोफेन, मेफेनॅमिक ॲसिड या गोळ्या ते बनणंच कमी करतात, म्हणून दुखायला लागल्या लागल्या घ्यायची, कळवळून आडवं पडल्यावर घेऊन मग फरक नाही म्हणायचं याला काय अर्थ आहे. सवयबिवय लागत नाही. पण उपाशीपोटी नको, आणि अल्सर, किडनी, दमा असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

शेकाचं म्हणाल तर 2001 साली अमेरिकेत पोटावर साधारण 39 डिग्रीचा गरम पट्टा तासनतास बांधून आयबुप्रोफेनशी तुलना केली, बरोबरीचा निघाला की! आता सोलापूरच्या मे महिन्यात गरम पिशवी पोटाशी धरायची म्हणजे शिक्षाच, आणि इथल्या विडी वळणाऱ्या बायका मांडीवर सूप घेऊन दिवसभर बसतात, हजार विड्यांमागं मजुरी, त्यांनी शेकायचं कधी?

मला राग येतो तो पैशाचा. व्हायग्रातलं सिल्डेनाफिल हे औषध पाळीच्या दुखण्यावर योनीमार्गे देऊन एक छोटी ट्रायल झाली, 25 बायका, 2013 मध्ये छापून आली, आराम दिसला, पण निधी संपला म्हणून मधेच थांबली. (हे घरी करून बघू नका प्लीज.)

आणि गोळीनंही थांबत नसेल, दर महिन्याला वाढतच असेल तर एंडोमेट्रिओसिसची (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) शंका डॉक्टरांना स्वतःहून विचारा, सोनोग्राफी नॉर्मल आली तरी तो असू शकतो.