स्वतःच्या गाडीने नेपाळ: दरडीत अडकलो तर भन्सारचं काय?

घाटवाट: ऑगस्टमध्ये नाशिकहून गाडीने सुनौलीमार्गे पोखरा, काठमांडू आणि परत सुनौली असा बेत आहे. नेपाळमध्ये आठ दिवस. पाच जण आहोत, त्यात आई ६८ ची, मुलगा १० चा. दरडीमुळे रस्ता बंद पडून भन्सारची, म्हणजे गाडी नेपाळात नेण्यासाठी तिथल्या कस्टममध्ये पैसे भरून घ्यायच्या परवान्याची, मुदत वाटेतच संपली तर काय करायचं?

चाकोरी: भन्सार दिवसांवर आकारतात. आठ दिवस राहणार असाल तर सुनौलीच्या सीमेपलीकडे, नेपाळच्या बाजूच्या बेलहियाच्या नाक्यावर दहाचे पैसे भरा. दोन दिवसांचे वाया गेले तरी परवडतं, मुदत उलटली की दंड. त्यातूनही अडकलात तर मुदत संपायच्या आधी जवळचं भन्सार कार्यालय गाठून वाढवून घ्या. आपल्या गाडीला वर्षात एकूण ३० दिवसच मिळतात, हेही धरून चला. मूळ पावती परतताना लागते.

विम्याकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही. इथली पॉलिसी नेपाळात आपोआप लागू होत नाही, जादा हप्ता भरून नेपाळपुरती वाढवावी लागते. तीही जास्तीचे दिवस धरूनच घ्या.

डोंगरउतार: तुमच्या वाटेवर दोन जागा खऱ्या धोक्याच्या आहेत. बुटवल सोडताच सिद्धबाबाचा कडा, तिथे वरून सुटे दगड येतात. आणि मुगलिंग ते नारायणगढ हा ३६ किमीचा पट्टा: एका हाताला कापलेला डोंगर, दुसऱ्या हाताला त्रिशूली. १२ जुलै २०२४ च्या पहाटे सिमलतालजवळ दरडीने दोन बस याच नदीत लोटल्या. म्हणून इथून अंधारात जाऊच नका, कितीही उशीर झालेला असो. निघण्याआधी १०३ वर वाहतूक पोलिसांना विचारा, हिंदी चालते.

रांगेत अडकलात तर आपली लेन सोडू नका. लोक समोरच्या लेनमध्ये घुसतात, मग जेसीबीला दरडीपर्यंत जायला वाट उरत नाही आणि तासाभराचं काम दिवसभर चालतं. ताज्या मातीच्या ओघळाखाली किंवा ओढ्याच्या तोंडाशी गाडी उभी करू नका. पाऊस थांबला तरी पाणी मुरलेला डोंगर नंतरही सुटतो.

शिदोरी: पाच जणांना किमान १० लिटर पाणी, कोरडं खाणं, टॉर्च. टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नका. आईंची औषधं चार दिवसांची जादा घ्या, चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, कारण ब्रँड तिथे वेगळे असतात. क्यूआरने पैसे देता येतात, पण डोंगरात नेटवर्क गेलं की नाही. १०० च्या नोटा जवळ ठेवा, आपले १०० म्हणजे नेपाळी १६०.

ओळखपत्राचं आधीच बघा. आई ६५ च्या वर आणि मुलगा १५ च्या आत, त्या दोघांना आधार चालतं. तुम्हा बाकीच्यांना पासपोर्ट किंवा मतदार कार्डच लागेल.

घाटवाट: परतीचा मुगलिंग रस्ताच बंद असला तर?

डोंगरउतार: दक्षिणकाली–कुलेखानी–हेटौडा. लहान गाड्यांचा, अरुंद, तीव्र चढउतारांचा रस्ता आहे, गाडी भरलेली असेल तर उतारावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच राहा. मुसळधार पाऊस असेल तर हाही नको, काठमांडूतच थांबा. हेटौड्याहून नारायणगढपर्यंत सपाटी. पुढे बुटवलच्या आधी दाउन्नेचा घाट मात्र उरतो, तिथे चिखलात ट्रक रुततात. त्यामुळे शेवटचा मुक्काम भैरहवातच करा. तिथून नाका चारेक किमीवर आहे.