वर्गणी कशाला, याबद्दल थोडं

भाऊ, तुम्ही म्हणता, पगारवाढ सगळ्यांनाच मिळते, मग सरकारी कर्मचाऱ्यांच्या संघटनेची वर्गणी कशाला? वेतन आयोगापुरतं खरंय ते. पण निलंबनाची ऑर्डर एकट्याच्याच नावाने निघते. चोपड्याकडच्या एका ग्रामसेवकाचं तसंच झालं. घाबरून गडी रात्रीच चार पानी खुलासा लिहायला बसला, निम्मा कबुलीजबाबच! संघटनेच्या जुन्या अण्णांनी कागद हातातून काढून घेतला. म्हणाले, आधी दोषारोपपत्र (आरोप लिहिलेला कागद) आणि सोबतच्या कागदांच्या प्रती माग, मग लिही. चौकशीत त्याची बाजू मांडणारा बचाव सहायक म्हणून तेच बसले. तीन महिने उलटले तरी निर्वाह भत्ता (निलंबनात पगाराऐवजी मिळतो तो) निम्म्या पगाराएवढाच येत होता. तो वाढवून मागणारा अर्जही त्यांनीच करवून घेतला. वकिलाने एवढ्याचे किती घेतले असते, करा हिशोब.

जुन्या पेन्शनचंही तेच. १ नोव्हेंबर २००५ पासून नोकरीला लागलेल्यांची ती बंद झाली होती; त्यांचे सुटे अर्ज कोण वाचत होतं? मार्च २०२३ मध्ये संघटनांनी संपाची हाक दिली, तेव्हा कुठे समिती नेमली गेली.

नुसते मिरवणारे पुढारी असतात, मान्य (आपल्याकडे जरा जास्तच). म्हणून वर्गणीची पावती घ्या आणि वार्षिक सभेत जमाखर्च मागा. सभासद असाल तरच मागता येईल.