लहान झालेल्या कपड्यांची गोधडी करायची आहे, कोणते कपडे घेऊ?

ठाणेकर_बाबा

मुलगी सात वर्षांची झाली. तिची झबली, टोपरी, कुंच्या, बारशाचा फ्रॉक, बालवाडीचा गणवेश असं सगळं दोन मोठ्या बॅगांत माळ्यावर पडून आहे. देऊन टाकायला हात धजत नाही आणि ठेवायचं तरी कशासाठी, तेही सुचत नाही. दरवेळी बॅग उघडायची, "एवढीशी होती ही!" म्हणायचं आणि चेन लावून टाकायची. म्हणून आता गोधडी करून घ्यायचं ठरवलंय. बरेचसे कपडे होजिअरीचे आहेत, ते चालतात का? पांढऱ्या झबल्यांवर पिवळे डाग आलेत, ठेवताना नव्हते. शिवणाऱ्या बाई म्हणतात, "सगळं आणून द्या, मी बघते." तसंच द्यावं का? आणि गोधडीत जाणार नाही त्याचं काय करायचं?

सुईदोरा

सगळं मुळीच देऊ नका. एकदा कात्री लागली की परत येत नाही. आधी चार-पाच कपडे अख्खे बाजूला काढा (बारशाचा फ्रॉक, एक कुंची, एखादं आजीने शिवलेलं झबलं) आणि मगच उरलेल्यांकडे बघा.

माप सांगते. ७ आडवे आणि ९ उभे, असे ६३ चौकोन. प्रत्येक चौकोन ६ इंचांचा कापायचा, चारी बाजूंनी अर्धा इंच शिवणीत जातो, म्हणजे दिसताना ५ इंच. मधला भाग ३५ बाय ४५ होतो, त्याला ३ इंचांची किनार लावली की ४१ बाय ५१. हे माप मुद्दाम सांगतेय, कारण जुन्या सहावारी साडीचा पन्हा साधारण ४४-४५ इंच असतो आणि साडेपाच मीटर लांबीत ५४ इंचांचे बरोबर चार तुकडे निघतात. एक खालच्या बाजूला, दोन-तीन आत. साडीला जोड द्यावा लागत नाही आणि कडेने दीड इंच जास्तीचं राहतं, ते शेवटी छाटायचं. किनारीला ३६ इंच पन्ह्याचा पाऊण मीटर मांजरपाट किंवा खादी पुरते, पण आधी धुऊन घ्या. जुने कपडे आकसायचे तेवढे आकसलेले असतात, नवा मांजरपाट पहिल्या धुण्यात आकसतो आणि सगळी गोधडी कडेने चुणते.

नवजात बाळाच्या झबल्यातून पुढचा एक आणि पाठीचा फार तर एक चौकोन निघतो. पाठीला नाड्या आणि उघडी बाजू असल्याने तो बऱ्याचदा वायाच जातो. मोठ्या फ्रॉकच्या घेरातून चार-पाच सहज निघतात. एकूण २५ ते ३० कपडे लागतील.

होजिअरी चालते, पण तशीच नाही. ताणली जाते, शिवताना चौकोनाचा पतंग होतो. मागून इस्त्रीने चिकटणारं पातळ पेस्टिंग लावायचं आणि मग कापायचं. आधी कापून मग चिकटवलं की माप गेलंच समजा. पेस्टिंग शर्टाच्या कॉलरचं जाड आणू नका, ब्लाउज-कुर्त्याचं मऊ मागा. इस्त्री घासायची नाही, दाबून धरायची आणि उचलून पुढे ठेवायची.

रबरी छपाईची कार्टूनं असलेल्या टीशर्टला समोरून इस्त्री लावू नका, चित्र इस्त्रीलाच येतं. त्या चित्रातून टाकाही घालू नका, सुईची भोकं तशीच राहतात आणि तिथूनच ते तडकायला लागतं. जीन्स आणि मलमल शेजारी-शेजारी नको. जाड कापड पातळ कापडाला ओढतं, शिवणीजवळ मलमल फाटते. जाळीचे, जरीचे, टिकल्यांचे फ्रॉक अंगाला टोचतात, ते गोधडीतून बाद.

विरलेलं झबलं उजेडासमोर धरा. विणीतून आरपार दिसत असेल तर मागे मलमलचा तुकडा लावल्याशिवाय घेऊ नका.

धोबीघाट

पिवळ्या डागांबद्दल. ठेवताना ते दिसत नव्हते, होते मात्र तेव्हाही. दुधाचा, लाळेचा आणि मालिशच्या तेलाचा अंश धाग्यात राहतो आणि हवेने हळूहळू पिवळा पडतो. साबणाचा फेस नीट निघाला नसेल तरी तेच.

क्रम महत्त्वाचा. गरम पाण्याने सुरुवात केलीत तर दुधाचा डाग पक्का बसतो. आधी गार पाण्यात, एन्झाइम असलेली पावडर घालून रात्रभर भिजत ठेवा. सकाळी तेलकट ठिकाणी भांडी घासायचं लिक्विड बोटाने चोळून कोमट पाण्यात धुवा. तरी उरलं तर ऑक्सिजन ब्लीच, म्हणजे सोडियम परकार्बोनेट, चार लिटर कोमट पाण्याला एक मोठा चमचा, दोन-तीन तास. लोकर आणि रेशमाला हे अजिबात नाही. नेहमीचं क्लोरीनचं ब्लीचही नको, जुनं सूत कमजोर होतं. शेवटी तीनदा स्वच्छ पाणी आणि पांढऱ्याला ऊन.

रंगीत कपड्यांची परीक्षा कापण्याआधीच करा. पांढरं फडकं ओलं करून लाल, मरून, गडद निळ्या कापडावर जोरात घासा. रंग लागला तर पाणी स्वच्छ येईपर्यंत वेगळं धूत राहा, तरी थांबत नसेल तर तो कपडा सोडून द्या. मिठाच्या पाण्याने रंग पक्का होतो असं घरोघरी सांगतात, रंगवून झालेल्या कापडावर त्याचा भरवसा धरू नका. एका लाल चौकोनापायी शेजारचे आठ गुलाबी होतात.

माजघर

न कापलेल्या कपड्यांचं सांगतो. खळ घालून, कडक इस्त्री करून ठेवू नका. खळीवर कसर येते. इलास्टिक उसवून काढा, ते वाळून कापडाला चिकटतं. टिचबटणं गंजतात, ती काढा किंवा दोन्ही बाजूंनी कापडाचा तुकडा घाला. धुतलेल्या जुन्या सुती धोतरात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत नाही. ठाण्याच्या पावसाळ्यात प्लास्टिकच्या आत ओल अडकते आणि बुरशीचे काळे ठिपके पडतात, ते सहसा निघत नाहीत. भरायचं काम मेपर्यंत उरका, आणि दरवर्षी एकदा उघडून घडी वेगळ्या ठिकाणी मोडा, नाहीतर घडीवरच कापड तुटतं.

आता महत्त्वाचं. यातले कपडे भावा-बहिणीच्या बाळाला द्यायचे मनात असेल (पहिलं झबलं वापरलेलं घालायची पद्धत कितीतरी घरांत आहे), तर डांबराच्या गोळ्या त्यात घालू नका. ज्या बाळांना जी-सिक्स-पी-डी या एन्झाइमची कमतरता असते, त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी या गोळ्यांतल्या नॅप्थॅलीनने फुटतात आणि जोराची कावीळ होते. नुसत्या त्या कपड्यांच्या संपर्काने हे झालेलं आहे, आणि बाळाला ही कमतरता आहे हे आधी बहुतेकदा माहीतच नसतं. कापूरही नको. वेखंडाचे तुकडे किंवा पूर्ण वाळलेला कडुनिंबाचा पाला पुरचुंडीत बांधून ठेवा. ओलसर पाला डाग पाडतो.

वाळे, बिंदल्या असतील तर कपड्यांत ठेवू नका. मऊ सुती कापडात गुंडाळून वेगळ्या डबीत ठेवा. रबरबँड लावला की चांदी तिथे आधी काळी पडते.

बालवाडीताई

एक गोष्ट कोणी बोललं नाही. वाटणी बघा. पहिल्या वर्षात मूल साधारण २५ सेंटीमीटर वाढतं, दुसऱ्यात १२ च्या आसपास, पुढे वयात येईपर्यंत वर्षाला ५ ते ७. त्यामुळे बॅगेत पहिल्या वर्षाचेच कपडे ढिगाने निघतात, तेही जेमतेम वापरलेले. तिसऱ्या-चौथ्या वर्षी जो फ्रॉक वर्षभर अंगावर होता तो एक तर फाटला नाहीतर कुणाला गेला. आईबापांना "भर्रकन मोठी झाली" वाटतं त्यात हाही भाग आहे, मधल्या वर्षांचं हाताशी काही उरतच नाही. जमेल तसं वर्षाला एक आडवी ओळ धरा, खाली पहिलं वर्ष, वर सातवं. वरच्या दोन ओळी रिकाम्या राहतील, त्या आत्ताच भरायची घाई नको, साधा मांजरपाट लावून ठेवा आणि नंतर वरून चौकोन शिवा.

आणि मुलीला विचारल्याशिवाय तिचा कपडा कापू नका. सात वर्षांच्या मुलांना बाळपणीचे कपडे बघायला फार आवडतं, पण अमुक फ्रॉक कापला म्हणून महिनाभर रुसणारीही हीच. तिला दोन ढीग करायला सांगा. तुम्ही जीव टाकताय ते झबलं ती सरळ "कापा" म्हणून टाकेल आणि भोक पडलेला मोजा धरून बसेल. धरू दे.

ठाणेकर_बाबा

सगळ्यांचे आभार. रविवारी ढीग करतो. बाई मशीनवर टाके घालू म्हणतात, हाताच्या टाक्यांचे पैसे जवळपास दुप्पट सांगतात. फरक पडतो का?

सुईदोरा

चौकोन जोडायला मशीनच बरी. थर एकत्र धरायला मात्र हाताचा धावदोरा घालून घ्या. पेस्टिंग लावलेल्या कापडावर मशीनचे दाट टाके पडले की गोधडी पुठ्ठ्यासारखी होते, अंगावर पडत नाही. जाड सुती दोरा, दोन ओळींत दीड इंच अंतर. बाईंना एवढंच बजावा की आधी मधोमधून बाहेरच्या बाजूला कच्चे टाके घालून थर पक्के धरा. कडेकडेने चौकोन घालत आत येणारी पद्धत दिसते सुंदर, पण कच्चे टाके नसतील तर सगळा झोळ मध्ये गोळा होतो आणि तो नंतर बसवता येत नाही. पैसे कमी करायचे असतील तर ९ चौकोनांचा उशीचा अभ्रा करा, त्याला आतले थरच लागत नाहीत.