मदत हवी आहे : टिनाच्या पत्र्याचं खरं तापमान कसं मोजायचं?

नमस्कार मंडळी. नागपुरात, मानेवाड्याला राहतो. वर निम्मा स्लॅब, निम्मं टिनाचं शेड. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात गेला की शेडखाली कूलरही हात टेकतो. पांढरा उष्णतारोधक रंग मारायचा विचार आहे, पण रंगवाल्याच्या "फरक पडतोच भाऊ" वर विसंबण्याआधी स्वतः मोजायचंय.

त्यासाठी इन्फ्रारेड थर्मामीटर (न टेकवता, लांबूनच उष्णतेच्या किरणांवरून तापमान सांगणारा) घेतला. भर दुपारी स्लॅब ६० च्या वर दाखवतो. आणि शेजारचा नवा कोरा चकचकीत पत्रा, ज्यावर बोट ठेववत नाही, तो म्हणे थंड! चकचकीत धातूची एमिसिव्हिटी (म्हणजे स्वतःची उष्णता किरणांच्या रूपात बाहेर टाकायची क्षमता; जास्तीत जास्त १) फार कमी, त्यामुळे यंत्राला बरंचसं आभाळाचंच प्रतिबिंब दिसतं, एवढं कळतं. माझ्या यंत्रात ती ०.९५ वर पक्की आहे, बदलता येत नाही. काळ्या इलेक्ट्रिकल टेपची एमिसिव्हिटी साधारण तेवढीच, म्हणून पत्र्यावर ती चिकटवून तिच्यावर नेम धरला, तर आकडा एकदम चढला.

आता अडचण अशी. उन्हात काळी टेप पत्र्यापेक्षा स्वतःच जास्त तापत असेल ना? मग ती शेडच्या आतून, खालच्या बाजूला लावावी का? रंग मारल्यावर पृष्ठभागाची एमिसिव्हिटी ०.९ च्या आसपास जाणार, म्हणजे टेपशिवाय मोजलं तर रंगाने पत्रा उलट तापला असंच दिसेल!

अंतराचं गुणोत्तर १२:१ आहे (१२ इंचांवरून साधारण १ इंचाचा ठिपका मोजला जातो), म्हणून फूटभरावरून मोजतो. यंत्र सावलीत ठेवतो. कुणी थर्मोकपल (पृष्ठभागाला टेकवून तापमान मोजणारी तारेची जोडी) चिकटवून पडताळणी केली आहे का? सीताबर्डीत बरा थर्मोकपल कुठे मिळेल?