मदत हवी आहे: डेंटल असिस्टंट कोर्सच्या मुली शिकायला येणार आहेत, त्यांना नेमकं काय काम द्यावं?

नमस्कार मंडळी,

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझा दोन खुर्च्यांचा दातांचा दवाखाना आहे. मदतीला एक ताई आहेत. ऑटोक्लेव्हपासून (हत्यारं वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र) अपॉइंटमेंटच्या वहीपर्यंत सगळं त्याच बघतात. इथल्या एका संस्थेने डेंटल असिस्टंटचा कोर्स सुरू केलाय आणि दोन मुलींना तीन महिने 'प्रॅक्टिकल'ला माझ्याकडे पाठवायचं म्हणतात. मला हवंच आहे. शिकलेली असिस्टंट आमच्या भागात शोधून सापडत नाही. पण संस्थेचं पत्र चार ओळींचं, त्यातल्या दोन हजेरीपत्रकाबद्दल!

खरी अडचण लसीची आहे. हिपॅटायटिस बीच्या (रक्तातून पसरणारी कावीळ) लसीचा दुसरा डोस महिन्याने, तिसरा सहाव्या महिन्यात. एकीने एकही घेतलेला नाही, दुसरीला आठवत नाही. म्हणजे आज सुरुवात केली तरी तिसऱ्या डोसाआधीच इंटर्नशिप संपणार. जैव-वैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे कचरा हाताळणाऱ्यांना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणं ही दवाखान्याची जबाबदारी. तोवर यांना खुर्चीशेजारी उभं करावं का? सक्शन (तोंडातली लाळ-पाणी ओढायची नळी) धरायला देता का? की तीन महिने नुसतं बघायला बसवायचं?

दुसरं, ताई कुरकुरताहेत. "यांना शिकवत बसले तर माझी भांडी कोण घासणार?" भांडी म्हणजे फोरसेप्स आणि मिरर. त्यांचं चुकीचं नाही.

अक्कलदाढ:
आधी दोघींना लहानपणीचं लसीकरण कार्ड शोधायला सांगा, आणि आठवत नाही म्हणणारीची अँटी-एचबीएस टायटर (लसीने आलेलं संरक्षण मोजणारी रक्ततपासणी) करून घ्या. कार्डावर तिन्ही डोसांची नोंद सापडली आणि टायटर १० च्या वर आली तर तिचा प्रश्न मिटला.

जिने एकही डोस घेतलेला नाही तिला पहिला डोस लगेच द्या आणि स्वच्छ बाजूची कामं द्या. धुतलेली हत्यारं पाऊचमध्ये भरणं, ऑटोक्लेव्हनंतर पाऊचवरच्या इंडिकेटरचा रंग बदलला का बघणं, ट्रे लावणं, पॅडवर जीआयसी (दात भरायचं सिमेंट) कालवणं. अल्जिनेट (दातांचं माप घ्यायची, पाण्यात कालवायची पावडर) तर जरूर शिकवा. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी इतकं तापतं की ट्रे तोंडात जायच्या आत बाऊलमध्येच घट्ट होतं. एकदा समोर फजिती झाली की पोरी फ्रीजमधलं पाणी घ्यायला विसरत नाहीत.

वापरलेली हत्यारं धुणं आणि सुया यांना तिने हात लावायचा नाही. ज्याने इंजेक्शन दिलं त्यानेच सुई कटरमध्ये घालायची, हे आमच्याकडे सगळ्यांनाच लागू आहे. टोपण लावून दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही. सुया आणि ब्लेड पांढऱ्या डब्यात, रक्ताचा कापूस पिवळ्यात, सक्शन टिप आणि हातमोजे लाल पिशवीत. हे पहिल्याच दिवशी घोकून घ्या.

सरळमार्गी:
वय विचारलंत का? अठराच्या आतली मुलगी एक्स-रेच्या कामावर ठेवता येत नाही, अणुऊर्जा नियमांत स्पष्ट आहे. आरव्हीजीचं (दातांच्या डिजिटल एक्स-रेचं) बटण तुम्हीच दाबा. आणि सुई टोचलीच तर काय करायचं, कुठल्या सरकारी रुग्णालयात न्यायचं, ते भिंतीवर लिहून लावा. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात आणि जितकी लवकर तितकी बरी. शनिवारी रात्री फोनाफोनी करत बसू नका.

स्टूलवाली:
मी दवाखान्यात बघत बघतच शिकले. डॉक्टर, ताईंना शिकवायचे वेगळे पैसे द्या, कुरकुर थांबेल. मुलींना एसटीचं भाडं तरी द्या. आणि गावात सगळे ओळखीचे असतात, तेव्हा कुणाची कवळी आहे हे घरी सांगायचं नाही, अशी ताकीद आधीच द्या. आमच्याकडे एकीने सांगितलं होतं. त्या काकू परत आल्या नाहीत.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. एक मुलगी सतराची निघाली! संस्थेला कळवतोय की पहिला डोस झाल्याशिवाय पाठवू नका, आणि पुढचे डोस व टायटरचा खर्च तुम्ही उचला. कुणी संस्थेशी असा लेखी करार केला असेल तर त्यातली सुई टोचल्याच्या खर्चाची ओळ इथे टाकाल का? तिथेच गाडी अडली आहे.